डाव्या हाताचं पान

दामूकाका म्हात्रे आमच्या दुकानात पहिल्यांदा आले ते भांडायला.

वसई स्टेशनच्या पश्चिमेला, चपलांच्या एका दुकानाच्या डोक्यावर, माझं आणि माझा भागीदार सुहास याचं वेबसाइट बनवायचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन कॉम्प्युटर, तीन खुर्च्या आणि एक पंखा. पंखा इतका सावकाश फिरायचा की त्याच्या पात्यांवर कोळ्यांच्या तीन पिढ्या सुखाने नांदल्या. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. बाहेर पाटी होती, ‘वेबसाइटची आकर्षक पाने बनवून मिळतील’. पण चपलावाल्याने ताडपत्री अशी बांधली होती की पहिला शब्द तिच्याखाली जायचा आणि रस्त्यावरून एवढंच दिसायचं: ‘आकर्षक पाने बनवून मिळतील’.

“कोन बनवतो पानं?” दारातून आवाज आला. आवाज असा की खालच्या दुकानातल्या चपला जोडीने उभ्या राहिल्या असतील.

“आम्ही बनवतो,” सुहास म्हणाला.

“कशी बनवता? आमच्याकडं तर ती झाडाला येतात.”

दारात साठीकडे झुकलेला, सहा फुटी, पांढरा लेंगा आणि खांद्यावर पंचा असा माणूस उभा होता. नायगावच्या खाडीकाठचे हे भातशेतीवाले म्हात्रे. पण त्यांची खरी ओळख शेतीची नव्हे. नायगावपासून विरारपर्यंत ज्या लग्नात दामू म्हात्रे वाढायला नाहीत त्या लग्नाला लोक साखरपुडाच समजायचे. ते सांडोरच्या वाडीतून सायकलवर केळीची पानं घेऊन निघाले की समोरून येणाऱ्याला सायकल दिसायची नाही, माणूस दिसायचा नाही; केळीचं एक बन घंटी वाजवत येताना दिसायचं. मग बफे आला. लोक हातात ताट घेऊन रांगेत उभे राहू लागले, आणि काकांची पंगत उठली ती उठलीच. त्यात बाजारात कागदाची, वर केळीचं पान छापलेली ताटं निघाली. ती छापणारे हरामखोर आम्हीच, असा त्यांचा समज झाला होता.

आम्ही त्यांना बसवलं. म्हणजे बसा म्हणालो. ते बसले नाहीत. पुढे तीन वर्षं ते आमच्याकडे होते, पण खुर्चीला त्यांची पाठ कधी लागली नाही. वाढपी बसत नाही, म्हणायचे. सुहासने त्यांना कॉम्प्युटरवर एक वेबसाइट उघडून दाखवली. काका डावा हात पाठीशी धरून कमरेत वाकले आणि स्क्रीनकडे वरून, पानात आमटी वाढताना बघतात तसं बघू लागले.

“हे वर काय?”

“ते नाव, चिन्ह वगैरे. प्रत्येक पानावर तेच येतं.”

“म्हनजे मीठ. पहिलं, वरती. बरं. नि ही डाव्या बाजूची बारीक बारीक?”

“त्या बाकीच्या पानांच्या जोडण्या.”

“चटनी-कोशिंबीर. नि हा मधला मजकूर म्हनजे भात.” काका सरळ झाले. “मंग यात नवीन काय हाय? हे तर मी चाळीस वर्षं करतोय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कुलूप उघडायला आलो तर ते जिन्यात उभे. कुणी बोलावलं नव्हतं. एवढंच म्हणाले, “कालच्यात ताक राह्यलं. ते कुठं वाढता?” सुहासने त्यांना पानाची तळपट्टी दाखवली. त्या दिवसापासून ते आमचे.

कुतूहल हा त्या माणसाचा आजार होता. कॉम्प्युटरची भाषा ते आमच्या डोळ्यांदेखत शिकले, पण त्यांच्या पद्धतीने. मजकुराचा प्रत्येक भाग उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या खुणांच्या मध्ये ठेवायचा असतो. मिटायची खूण विसरलात तर तो भाग सगळ्या पानावर पसरतो. हे शिकायला सुहासला इंजिनिअरिंग कॉलेजची चार वर्षं लागली होती. काकांना एक वाक्य पुरलं. “द्रोन फुटका ठेवला की आमटी पानभर जानारच.” मग तर असं झालं की एखादी साइट वेडीवाकडी दिसू लागली की सुहास ओरडायचा, “काका, द्रोण!” आणि काका वाकून हजार ओळींतून नेमका फुटका द्रोण शोधायचे. इंग्रजी येत नव्हतं हे त्यांच्या पथ्यावरच पडलं. शब्द वाचता येत नसल्यामुळे त्यांचं लक्ष कधी मजकुरावर गेलंच नाही.

माणसं त्यांना नावाने आठवत नसत. कोण पानात काय टाकतं यावरून आठवत. वसईतले एक बडे वकील म्हणजे ‘तो अळुवडीचा दोरा मागे ठेवनारा’. एक नगरसेवक म्हणजे ‘भाताखाली वांगी लपवनारा’. गिऱ्हाईक आलं की आम्ही विचारायचो, साइटवर काय काय हवं? काका विचारायचे, “लोक काय टाकतील?”

दुपारी ते डब्यातलं जेवण टेबलावर केळीच्या पानाच्या तुकड्यांवर आम्हाला वाढायचे. दोन कीबोर्डांच्या मध्ये पंगत. सुहासच्या पानावर आधी चिमूटभर मीठ. माझ्या पानावर कधीच नाही. मी विचारलं तर म्हणायचे, “तुम्हाला लागत नाय, मालक.” आपला रक्तदाब यांनी चेहऱ्यावरून ओळखला असं वाटून मी गुपचूप जाऊन तपासूनही आलो. उत्तम निघाला.

आता दाताच्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं. एका डॉक्टरांना आम्ही साइट करून दिली होती. तयार थीम घेतली होती, म्हणजे एकदा रंगरूप ठरवलं की सगळी पानं त्याच साच्यातून निघतात. तिच्यात प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक भलामोठा उघडा जबडा होता. इतका मोठा, की दाढांच्या मागे विरार दिसेल.

काकांनी ‘पत्ता’ या पानावर बोट ठेवलं. “इथं दात कशाला?”

“थीमच तशी आहे काका. सगळ्या पानांवर येतो.”

“सुहासराव, मानूस पत्ता बघायला आलाय. घाबरत घाबरत आलाय. त्याच्या तोंडावर दात विचकले तर तो येईल का? याच्या पानात नकाशा वाढा. फोन वाढा. नि ‘दुखत नाय’ असं वाढा.”

“मग जबडा सगळीकडूनच जाईल.”

“पंगत उठवायला कोन सांगतंय? याचं एकट्याचं पान बदला.”

तेव्हा सुहासने त्यांना ती युक्ती शिकवली. थीममधल्या पानाच्या साच्याची नक्कल करायची, तिच्यात हवी ती मांडणी करायची, माथ्यावर पहिल्या ओळीत त्या साच्याचं नाव लिहायचं. मग साइटच्या आतल्या बाजूला, प्रत्येक पानाशेजारी, एक यादी खाली उघडते. तिच्यातून ते नाव निवडलं की तेवढंच पान नव्या साच्यात बसतं. बाकीची जिथल्या तिथे.

काकांनी ती यादी उघडली, मिटली, उघडली, मिटली. अर्धा तास. मग पंच्याने चेहरा पुसून म्हणाले, “म्हनजे पंगत तीच, नि ज्याचं त्याला. हे ज्यानं काढलं तो वाढपी असनार.” त्यांचं एक ठेवणीतलं वाक्य होतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं: “पान खानाऱ्याचं असतं, वाढनाऱ्याचं नाय.”

याच दरम्यान आमच्याकडे वधूवर सूचक मंडळाचं काम आलं. मंडळाचे सेक्रेटरी सामंतसर, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या शर्टाची इस्त्री एवढी कडक की ते वाकले तर शर्ट सरळच राहायचा. मंडळात नाव घातलेल्या प्रत्येक मुलामुलीचं एक पान होतं, अशी एकशे त्रेचाळीस पानं. सगळ्यांवर तीच मांडणी: फोटो, जन्मतारीख, उंची, वर्ण, शिक्षण, नोकरी. आणि सातवी ओळ: ‘शारीरिक व्यंग असल्यास’.

त्या एकशे त्रेचाळीसात एक पान मंगल म्हात्रेचं होतं. काकांची एकुलती एक मुलगी. वय बत्तीस. लहानपणीच्या तापाने एक पाय आखूड राहिलेला. बाकी मुलगी अशी की वसईत तिच्याइतकं नेमकं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. स्टेशनजवळ जिन्याखालच्या टपरीत ती घड्याळं दुरुस्त करायची. टपरीच्या भिंतीवर पन्नास घड्याळं आणि सगळ्यांत एकच वेळ. रेल्वेवाले आपली घड्याळं तिच्याकडे बघून लावायचे असं मी तरी सगळ्यांना सांगायचो. काकांना साऱ्या जगाचं कुतूहल होतं, पण काळजी एकच. मंडळात नाव घालून चार वर्षं झाली होती आणि मंगलसाठी एकही फोन आला नव्हता. लोक तिचं पान उघडत, सातव्या ओळीपर्यंत येत आणि उठून जात. आता तर ते उठून जाणं मोजताही येऊ लागलं. किती जणांनी पान उघडलं आणि किती सेकंदांत मिटलं, हा आकडा काका रोज सकाळी सुहासला विचारायचे. सुहास कधी कधी खोटा सांगायचा.

एक दिवस सामंतसर आले तसे काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“सर, पोरीचं पान जरा वेगळं मांडू का?”

“दामूशेठ, नियम म्हणजे नियम. शाळेत सगळ्यांना एकच गणवेश का? समता! सगळ्यांना समान.”

“समान वाढायचं म्हनजे सगळ्यांना कारलं का?”

“ते मला माहीत नाही. तुमच्या मुलीला वेगळं पान दिलं तर उद्या एकशे बेचाळीस बाप माझ्या दारात.”

सर गेले. काका दिवसभर फुटके द्रोण शोधत राहिले, एकही सापडला नाही. संध्याकाळी टपरी बंद करून मंगल वर आली. तिला बापाच्या चेहऱ्यावरूनच वेळ कळत असावी.

“बाबा, सगळे निघून जातात ते माझ्या पायामुळे की तुमच्या सातव्या ओळीमुळे?”

“ओळ मंडळाची हाय.”

“मग माझ्या पानाचा साचा वेगळा करा. पण त्यात काय वाढायचं ते मी सांगणार. तुम्ही फक्त टाइप करा.”

आणि त्या दोघांनी, सामंतसरांच्या नियमाच्या नाकावर टिच्चून, एका पानापुरता एक साचा बनवला. जन्मतारीख-उंची सगळी तळाला, ताकाच्या जागी. पायाची गोष्टही तिथेच, एका सरळ वाक्यात. लपवाछपवी मंगललाच नको होती. आणि माथ्यावर मोठ्या अक्षरात तीन नवे रकाने. काकांनी टाइप केल्यामुळे भाषा काकांचीच उतरली:

हाताला काय येतं? – थांबलेलं घड्याळ चालू करता येतं.

कशाने हसू येतं? – वेळेवर आलो म्हननाऱ्यांचं.

आनि पानात काय नको? – कीव आनि कारलं.

साच्याच्या पहिल्या ओळीत त्याचं नाव लिहायचं असतं. काकांनी लिहिलं: ‘मंगल’. यादीतून ते निवडलं आणि दोघं घरी गेली.

आता बघा नशीब कसं काम करतं ते. दुसऱ्या दिवशी सुहास गौरी-गणपतीला गावी निघाला होता. बॅग खांद्यावर, पाय जिन्यात, तेवढ्यात सामंतसरांचा फोन. “मंडळाची सगळी पानं मंगल करून टाका हो! सणाचे दिवस आहेत.” सरांना म्हणायचं होतं, वर एखादं तोरण, एखादा कलश. सुहासने घाईत मंडळाची साइट उघडली, साच्यांची यादी खाली ओढली, तर तिथे ‘मंगल’ तयार! वा, काकांनी करून ठेवलंय वाटतं, असं म्हणून त्याने एका ओळीच्या हुकुमात एकशे त्रेचाळीसच्या एकशे त्रेचाळीस पानांना ‘मंगल’ लावला, कॉम्प्युटर बंद केला आणि गाडी पकडली. त्याच्या गावात मोबाइलला रेंज यायची ती एकाच फणसाच्या झाडावर, तीही शेंड्याला. तो झाडावर चढेपर्यंत आठ दिवस आम्ही अनाथ होतो. काकांना साचा लावता यायचा, तोही एकेका पानाला. एका फटक्यात सगळे काढायचे कसे, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला तर काहीच येत नव्हतं. मी मालक होतो.

सुहास गेल्याच्या दुसऱ्या सकाळी साडेनऊला सामंतसर जिना चढून आले. रागाने शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली होती.

“कलश कुठाय? इथे माझ्या भाच्याच्या माथ्यावर ‘आनि पानात काय नको’ म्हणून लिहिलंय! उंची कुठाय? वर्ण कुठाय? आणि ‘आनि’? शुद्धलेखन कुठाय?”

काकांचा चेहरा पडला. त्यांना पुढचं सगळं लख्ख दिसलं: आता पोरीचं पानही जाणार. “सर, चूक माझी. सगळं काढतो. नुसतं मंगलचं राहू द्या.”

“सगळं काढायचं. तिचं आधी!”

तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला. कुणी आई होती, नालासोपाऱ्याची. मी मनात म्हटलं, झालं, पहिली शिवी. पण बाई म्हणाली, “अहो, त्या म्हात्र्यांच्या मुलीचं पान भरलेलं दिसतंय, आणि आमच्या अजितचे तीन रकाने रिकामे का? त्याने काय घोडं मारलंय? लिहून घ्या. हाताला काय येतं? त्याला माशांची कालवणं येतात. सगळी.”

फोन खाली ठेवतो न ठेवतो तोच दुसरा. मग तिसरा. माझ्या आयुष्यात मी एवढ्या रिकाम्या जागा भरल्या नाहीत. मुलाला व्यंग आहे हे आईबाप सोसतील, पण शेजारणीच्या मुलीचं पान भरलेलं आणि आपल्या पोराचं रिकामं हे त्यांना सोसवेना. सोळाव्या फोनपर्यंत सामंतसर खुर्चीत बसले होते. पंचविसाव्याला त्यांनी स्वतः पेन उचललं. एका बँक अधिकाऱ्याला शिट्टीवर भजनं वाजवता यायची. एका शिक्षिकेला साप धरता यायचे. सहा वर्षं मंडळात असलेल्या या माणसांची सरांना उंची ठाऊक होती, आणखी काही नव्हतं. “अरेच्चा,” ते दर फोनला म्हणायचे, “अरेच्चा!” आणि चौथ्या दिवशी हळूच मला म्हणाले, “भाच्याचं घ्या लिहून. त्याला रडका चित्रपट पाहून हसू येतं.”

काका मात्र एकेक पान वाकून वाचत होते. अनंत शिर्के नावाच्या एका माणसाच्या पानापाशी ते थांबले. नालासोपाऱ्यात राहणारा, मूळचा देशावरचा, नकाशे काढायच्या नोकरीत, वय पस्तीस. त्याने स्वतः फोन करून सांगितलं होतं ते असं:

हाताला काय येतं? – डाव्याला सगळं. उजव्याला काही नाही.

आनि पानात काय नको? – काहीही चालेल. पण पंगतीत बसवू नका. माझं कोपर शेजाऱ्याला लागतं, लोक नावं ठेवतात. मी मागाहून जेवतो.

“मागाहून जेवतो,” काका पुटपुटले. चाळीस वर्षांत त्यांच्या पंगतीतून कुणी उपाशी उठलं नव्हतं. पण कोण बसलंच नाही, हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं. ते खाली उतरून टपरीवर गेले आणि मंगलला ते पान तोंडपाठ म्हणून दाखवलं. मंगल हसली. मग तिने त्या माणसाला फोन लावला. मध्यस्थ नाही, मामा नाही, काही नाही.

“डावखुरे ना? मग घड्याळ उजव्या मनगटात घालत असाल. चावी कोपराकडे येते. ती फिरवायला त्रास होतो की नाही?”

तो म्हणाला म्हणे, “पस्तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही.”

शनिवारी तो घड्याळ घेऊन आला. चालू घड्याळ होतं. टपरीत शिरण्याआधी त्याने ते बंद पाडलं, असं मंगल नंतर सगळ्यांना सांगायची.

सुहास परत आला तेव्हा सामंतसरांनी त्याला साचा काढू दिला नाही. ‘सदर मांडणीस तात्पुरती मुदतवाढ देण्यात येत आहे’ अशी नोटीस त्यांनी साइटवर टाकली. फक्त रकान्याच्या नावातल्या ‘आनि’चं ‘आणि’ करून घेतलं. मंगलच्या उत्तरातलं मात्र तसंच ठेवलं.

लग्न त्याच वर्षी माघात झालं. हॉल मुलाकडच्यांचा, बफे हॉलवाल्याचा. काकांनी एकच अट घातली होती: शेवटी एक रांग खाली बसेल, आणि ती मी वाढीन. सांडोरहून पानं आली, या वेळी टेम्पोतून. काकांनी अनंतरावांना रांगेच्या पार डाव्या टोकाला बसवलं, कोपर मोकळं राहील असं. शेजारी मंगल, तिच्याशेजारी सुहास, मग मी, मग सामंतसर.

केळीच्या पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला असतो. काकांनी जावयाचं पान घेतलं, पुसलं आणि शेंडा उजवीकडे करून मांडलं. चटणी, कोशिंबीर, लोणचं उजव्या अंगाला. भाज्या डाव्या अंगाला. आरशात दिसावं तसं. रांगेत कुजबुज सुरू झाली. मुलाची आत्या उठून उभी राहिली. “अहो, हे काय! उलटं पान? श्राद्धाला वाढतात असं. मंगलकार्य आहे हे!”

काका वाकलेलेच होते. मान वर न करता म्हणाले, “मंगलचंच कार्य हाय, ताई. म्हनून तर.”

अनंतरावांनी आत्याकडे पाहिलं, मग पानाकडे. मग डावा हात पुढे केला आणि पहिला घास घेतला. मंगलने आपलं कोपर सावरायचं नाटकसुद्धा केलं नाही.

काका मिठाचं भांडं घेऊन रांगेत पुढे सरकले. मंगलला चिमूटभर, सुहासला चिमूटभर. माझ्यापाशी आले आणि नेहमीप्रमाणे पुढे निघाले. मी लेंगा धरला. “काका, आज तरी सांगा. मला मीठ का नाही?”

ते थांबले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे, मी जणू पानच आहे असं, वरून नीट पाहिलं.

“मालक, तुम्ही सगळं तिखटमीठ लावूनच सांगता. वरून आनखी कशाला?”

आणि डावा हात पाठीशी धरून, कमरेत वाकून, ते सामंतसरांच्या पानाकडे वळले.